किनाऱ्यावरच्या गावात पावसाचा दिवस: बॅकपॅकरने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

पाऊस आला की बॅकपॅकर बहुधा ठरलेल्या क्रमाने चुकतात. आधी भिजतात, मग ओल्या हातांनी बॅग उपसतात, सापडले ते कोरडे कपडे चढवतात आणि तेच घालून पुन्हा पावसात बाहेर पडतात. संध्याकाळपर्यंत बॅगेतलं सगळंच दमट झालेलं असतं आणि रात्री अंगावर घालायला कोरडं काही उरत नाही. उष्ण कटिबंधातला पाऊस कोमट असतो, भिजल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते रात्रभर ओलं राहिल्याने. कातडी सोलवटते, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, कपड्यांना कुबट वास धरतो आणि पुढचे तीन दिवस तो वास सोबत फिरतो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती आहेत: कपड्यांचा एक जोड काही झालं तरी कोरडा राहिला पाहिजे. बाकीचं भिजलं तर भिजू दे.

## १. आदल्या रात्रीची तयारी

रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका. तयारीतली सगळ्यात मोठी चूक हीच. रेनकव्हर बॅगेची बाहेरची बाजू झाकतं, पण पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि बॅग यांच्या फटीतून खाली उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. अर्ध्या तासाच्या चालीनंतर कव्हर काढून पाहा, तळाच्या झोळीत ओंजळभर पाणी हमखास सापडेल. बॅगेचा तळ त्यातच बसलेला असतो आणि झोपण्याचं सामान आपण नेमकं तळाला भरतो.

उपाय स्वस्त आणि सोपा आहे: बॅगेच्या आत अस्तरासारखी एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी. ड्रायबॅग (तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी) असेल तर उत्तम, नसेल तर कचऱ्याची जाड पिशवी चालते. भरण्याचा क्रम असा:

१. रिकाम्या बॅगेत आधी पिशवी पसरून घ्या.
२. सगळ्यात खाली कोरडा जोड: एक टीशर्ट, एक सैल पँट, अंतर्वस्त्रं आणि मोजे. हा जोड वेगळ्या झिपलॉक पिशवीत, हवा दाबून बाहेर काढून ठेवा.
३. त्यावर बाकीचे कपडे आणि पांघरूण.
४. पिशवीचं तोंड पीळ देऊन दुमडा आणि रबर लावा. नुसतं दुमडून ठेवलं तर चालताना उघडतं.
५. पॉंचो (डोक्यावरून घालायचा सैल, खाली उघडा पावसाळी अंगरखा), चप्पल, ओला टॉवेल या भिजणाऱ्या वस्तू पिशवीच्या बाहेर, वरच्या बाजूला.

पासपोर्ट बॅगेच्या झाकणातल्या कप्प्यात ठेवू नका. हाताशी येतो म्हणून सगळे तिथेच ठेवतात, मीही ठेवायचो. त्या कप्प्याची चेन आभाळाकडे तोंड करून असते आणि शिवणीतून पाणी थेट आत येतं. एका सकाळी माझा पासपोर्ट उघडला तर शिक्क्याची निळी शाई समोरच्या पानावर उलटी उमटली होती आणि दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती सुटी करताना जो घाम फुटला तो अजून आठवतो. तेव्हापासून पासपोर्ट दुहेरी झिपलॉकमध्ये, अंगालगत. त्याच्या पानांचे फोटो फोनमध्ये आणि ऑनलाइन, दोन्हीकडे.

रात्रीच फोन, पॉवरबँक आणि हेडटॉर्च पूर्ण चार्ज करून ठेवा. किनाऱ्यावरच्या लहान गावात वादळी पावसात वीज जाणं नेहमीचंच. वीज गेली की एटीएम आणि कार्डाची यंत्रंही बंद पडतात, म्हणून एक-दोन दिवस पुरेल इतकी रोख रक्कम जवळ असू द्या. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

तपासा: बॅगेवर तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि आतल्या पिशवीचं तोंड उघडून हात घाला. ही परीक्षा आज खोलीत घेतलेली बरी.

## २. सकाळी आधी पाऊस ओळखा

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर हवामानाचं ॲप जवळजवळ रोजच ढग आणि थेंबांचं चित्र दाखवतं. त्या चित्रावरून दिवस ठरवाल तर एक तर रोज खोलीत बसाल किंवा इशाऱ्याकडे बघणंच सोडाल. ॲपऐवजी रडारची हलती प्रतिमा बघा. पावसाचे पट्टे कोणत्या दिशेने सरकताहेत आणि मधे उघडीप किती आहे, ते त्यात दिसतं.

ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवा. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी उंच ढग आणि मग तासा-दोन तासांची जोरदार सर: हा रोजचा तापलेल्या जमिनीवरचा पाऊस. याला चुकवून दिवस सहज काढता येतो. सकाळपासून सगळं आभाळ करड्या रंगाचं आणि संततधार: ही झड, दोन-तीन दिवस टिकू शकते. तिसरा प्रकार चक्रीवादळाचा. त्यात स्थानिक यंत्रणेने दिलेल्या सूचना हाच एकमेव आधार. पाऊस थांबला आणि वारा अचानक पडला तरी बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावर असेल, तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच वारा येतो.

फेरी किंवा लहान बोटीने त्या दिवशी निघायचं असेल तर सकाळी पहिलं काम चौकशीचं. पाऊस नसला तरी लाटांमुळे फेऱ्या रद्द होतात. परतीचं विमान असेल तर बेटावरून निदान एक दिवस आधी निघा. शेवटच्या फेरीवर विमान गाठायचा बेत आखणाऱ्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

## ३. बाहेर जायचं तर भिजायचे कपडे घालून जा

कपड्यांच्या तीन वाटण्या करा आणि दिवसभर त्या मोडू नका.

भिजायचा जोड: लवकर वाळणारी हाफपँट, सिंथेटिक टीशर्ट, मागे पट्टा असलेली सँडल. खोलीतला जोड: छपराखाली वावरायला. झोपायचा जोड: झिपलॉकमधला, तो फक्त अंग पूर्ण कोरडं झाल्यावर.

सुती जीन्स पावसात घालणं ही दुसरी मोठी चूक. ती पाणी धरून ठेवते, जड होते, मांड्यांना घासते आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. साध्या रबरी स्लिपरही ओल्या फरशीवर आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर सटकतात.

रेनकोट की पॉंचो? उकाड्यात बंद रेनकोट घातला की आतून घामाने भिजतो, म्हणून मी पॉंचो घेतो. तो बॅगेवरूनही येतो आणि खालून हवा खेळती राहते. पण समुद्रावरच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, त्यामुळे कमरेला दोरी बांधावी लागते. बोटीवर मात्र अंगालगतचं जाकीटच हवं. ओलं अंग आणि सतत वारा असेल तर या हवामानातही हुडहुडी भरते.

ढगाळ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खाली येतात. क्रम असा: आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर त्यावर डासांचं मलम. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम लावल्यावर हात धुऊन मगच फोन, चष्मा किंवा पॉंचोला लावा. डीटने प्लॅस्टिक खराब होतं.

## ४. कुठे जायचं नाही

इथे मात्र जरा थांबून वाचा. बाकी चुकांत कपडे जातात, इथे जीव जातो.

वीज. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब आत जा. आत म्हणजे भिंती असलेली पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. किनाऱ्यावरचं गवताचं छप्पर, तंबू, छत्री आणि झाड यांपैकी काहीही आसरा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. पाऊस ओसरला म्हणून लगेच वाळूत उतरणाऱ्यांवरही वीज पडते.

समुद्र. वादळी दिवसांत किनाऱ्यावरून आत ओढणारे प्रवाह जोर धरतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तो शांत पट्टाच धोक्याचा. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचंच नाही.

पाऊस थांबला, ऊन पडलं, म्हणून लगेच पोहायलाही जाऊ नका. गटारं, नाले आणि सांडपाणी सगळं धुऊन समुद्रात आलेलं असतं. पाणी तपकिरी असेपर्यंत लांब राहा आणि नाल्याच्या तोंडाजवळ तर निदान ७२ तास.

साचलेलं पाणी. रस्त्यावरच्या पाण्यातून उघड्या जखमेने चालू नका. उंदीर आणि गुराढोरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात येतात आणि लहानशा ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. चालावंच लागलं तर बंद बूट घाला आणि परतल्यावर पाय साबणाने धुवा. पुढच्या २ ते ३० दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे असं काही झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. हे न सांगितल्यामुळे निदान लांबतं.

वाहत्या पाण्याची भीती त्याहून जास्त बाळगा. १५ सेंटिमीटर वेगवान पाणीही माणसाचे पाय उचलतं. सकाळी सहज ओलांडलेला वाळूतला ओहोळ दुपारी कंबरभर होऊ शकतो. परतीची वाट त्याच्या पलीकडे असेल तर तिकडे जाऊच नका.

भाड्याची स्कूटर. पहिल्या सरीची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात निसरडी. रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साबणासारखा थर होतो. त्या वेळात थांबा. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा, खड्डा पाण्याखाली आहे असं धरूनच चाला. वाऱ्यात नारळाच्या झाडांखाली ना स्कूटर लावायची, ना स्वतः उभं राहायचं.

## ५. परतल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे तो इथे. दमलेलं असताना सगळे आधी गादीवर बसतात आणि गादी ओली करतात. तसं न करता:

१. दारातच थांबा. पॉंचो, सँडल आणि बॅग दाराशीच निथळू द्या. बॅग पलंगावर ठेवायची नाही.
२. हात पुसा, मग फोन आणि कागदपत्रं. फोन पुसा, चार्जिंग पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. निदान अर्धा तास चार्जर लावू नका. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना पुन्हा आली तर आणखी थांबा, पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. तांदळात पुरू नका, तसं करू नये असं ॲपलनेही सांगितलं आहे, कारण तांदळाचे कण पोर्टमध्ये जातात. फोन खाऱ्या पाण्यात पडला असेल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात.
३. अंघोळ. गोड्या पाण्याने, साबण लावून. जांघा, काखा आणि बोटांमधल्या जागा नीट पुसा. विजेचा कडकडाट चालू असेल तर अंघोळ थांबवा. भिंतीतल्या गिझरला किंवा बटणांना ओले हात लावू नका.
४. पाय बघा. तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसत असेल तर ती मऊ पडली आहे. आता चोळली तर सोलवटेल. टिपून घ्या आणि तासभर उघडे ठेवा. मोजे इतक्यात नाहीत.
५. खोलीतला जोड. झोपायचा जोड अजून झिपलॉकमध्येच.

तपासा: पलंगावर, उशीवर किंवा कोरड्या पिशवीवर एक तरी ओली वस्तू आहे का? असेल तर आत्ता उचला.

## ६. कपडे वाळवणं

‘आज कुठे जायचं नाही, तर सगळे कपडे धुऊन टाकू.’ पावसाच्या दिवशी ही कल्पना प्रत्येकाला सुचते आणि डॉर्ममधल्या, म्हणजे अनेक पलंगांच्या सामाईक खोलीतल्या, सगळ्यांना ती एकाच वेळी सुचते. मग एका खोलीत वीस टीशर्ट लटकतात आणि एकही वाळत नाही. धुवायचं ते फक्त उद्या लागणारं आणि ज्यात समुद्राचं मीठ आहे ते.

मीठ असलेला कपडा मात्र धुवायलाच हवा. मीठ हवेतली ओल शोषून घेतं. खाऱ्या पाण्यात भिजलेली हाफपँट तीन दिवस दोरीवर ठेवा, हाताला चिकट ओलसरच लागेल. गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढली की रात्रीत वाळते.

पद्धत:

१. हाताने पिळा. सिंथेटिक कपडा जोरात पिळला तरी चालतो, लोकर असेल तर नुसता दाबा.
२. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर कपडा ठेवा, दोन्हींची वळकटी करा आणि वळकटीवर गुडघा टेकवून भार द्या. टॉवेल जड झाला की समजा अर्धं काम झालं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फरक पडतो तो हिच्यामुळेच.
३. दोरीवर टाकताना कपडा दुहेरी घालू नका. टीशर्ट खालच्या कडेने, पँट उलटी करून खिसे बाहेर काढून. दोन कपड्यांत हातभर अंतर.
४. एसी असेल तर दारं-खिडक्या बंद करून एसी चालवा, तो हवेतली ओल ओढून बाहेर टाकतो. फक्त पंखा असेल तर उलट: समोरासमोरच्या खिडक्या किलकिल्या ठेवा, नाहीतर कपड्यांतून निघालेली वाफ खोलीतच फिरत राहते. एसी चालू आणि खिडकी उघडी, असं करू नका. दोन्हीकडचा फायदा जातो.
५. बुटांतले आतले तळवे काढा, कागदाचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी बोळे बदला. एकदाच कोंबून रात्रभर ठेवलेला ओला कागद बुटाला ओलंच ठेवतो.

गवती छपराखालच्या विजेच्या दिव्यावर मोजे टाकणं किंवा पंख्याच्या पात्याला कपडा बांधणं, दोन्ही मी लोकांना करताना पाहिलं आहे. पहिल्याने आग लागते, दुसऱ्याने पंखा निखळतो.

कपडा वाळला का, हे कसं ओळखायचं? दमट हवेत तळहात फसवतो. कॉलर, कमरेचं इलॅस्टिक आणि खिशाचं अस्तर वरच्या ओठाला लावून बघा. थंड लागलं तर आत ओल आहे. असा कपडा घडी करून कोरड्या पिशवीत टाकला की सकाळपर्यंत सगळी पिशवी कुबट होते.

कॅमेरा असेल तर एक जोडसूचना. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना तो बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या. थंड काचेवर बाहेरची वाफ बसते आणि भिंगावर धुकं धरतं.

## ७. पाणी, डास आणि ताप

पावसात तहान जाणवत नाही, म्हणून लोक कमी पाणी पितात. घाम चालूच असतो. पुरानंतर नळाचं पाणी पिऊ नका. सीलबंद किंवा खळखळून निदान एक मिनिट उकळलेलंच प्या.

डेंग्यूचे एडिस डास दिवसा चावतात, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. मच्छरदाणी फक्त रात्री लावणं पुरेसं नाही, दुपारी डुलकी घेतानाही ती खाली सोडा. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात जोराच्या कळा, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

उरलेल्या वेळाचं फार नियोजन लागत नाही. फोटोंची प्रत ऑनलाइन चढवा, तुटलेला पट्टा शिवा, पुढच्या मुक्कामाची चौकशी करा, झोपा. उघडीप मिळाली तर ओहोटीच्या वेळी, विजेचा नियम पाळून किनाऱ्यावर फिरून या. पावसाने घट्ट झालेली वाळू चालायला छान असते आणि माणसं कमी असतात.

## ८. रात्र आणि दुसरी सकाळ

झोपण्यापूर्वी खालच्या बंकखाली हात घाला. जमिनीवर ठेवलेली बॅग रात्री पाणी शिरलं तर तळापासून भिजते, म्हणून ती खुंटीला किंवा खुर्चीवर. हेडटॉर्च उशाशी. मगच झिपलॉक उघडा आणि झोपायचा जोड घाला.

सकाळी खरी कसोटी लागते. दोरीवर कालचा भिजायचा जोड अजून गारढोण असेल आणि अंगावरचे कपडे उबदार, कोरडे. पाऊस चालू असेल आणि तुम्हाला निघायचं असेल, तर कोरडा जोड उतरवा, घडी करा, झिपलॉकमध्ये हवा काढून बंद करा आणि तो ओला टीशर्ट चढवा. पहिली दोन मिनिटं नकोशी वाटतात, अंगावर शहारे येतात. चालायला लागल्यावर पाच मिनिटांत अंगाच्या उबेने तो कोमट होतो. कोरडे मोजे घालायचा मोह इथेच होतो, तोही टाळा.

मग पिशवीचं तोंड पिळा, रबर लावा, बॅग उचला आणि निघण्यापूर्वी दोरीवर, दाराच्या मागे आणि खुंटीवर एकदा नजर टाका. पावसाच्या दिवशी सगळ्यात जास्त विसरतात ते वाळत घातलेले मोजे.